विहिरीवरचं धोतर

खारा बांगडा निखाऱ्यावर पडला की त्याच्या वासासरशी मला आचऱ्याची, माझ्या सासरची विहीर आठवते. साठ सालच्या आसपासची गोष्ट. सासरे रोज सकाळी पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा खात. पालेभाजी त्यांना पानात दिसलेलीही चालत नसे. त्या घरात पुरुषाने स्वतःचा कपडा कधी धुतला नव्हता, आणि एका सकाळी सासरे विहिरीवर आपलं धोतर धुताना दिसले. दगडावरून ओघळणारं पाणी तांबूस होतं. सासूबाईंनी मला मागे ओढलं. "कोणाक सांगू नको गो. तेंका मूळव्याध आसा. रोज खारो खाल्ल्यार उष्णता होतलीच." मग बांगडा बंद झाला, परसातला सुरण उकडून ताकाबरोबर सुरू झाला आणि थोड्या दिवसांनी रक्त थांबलं. गावच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं तेव्हा ते म्हणाले, रक्त थांबलं तरी एकदा मुंबईला दाखवून या. सासरे हसले. "आता बरो झालंय मां, मगे कित्याक जावचा?" बांगडा पानात परतला. रक्तही परतलं, ते मात्र त्यांनी लपवलं. मुंबईला नेलं तेव्हा आतड्यातली गाठ काढण्यापलीकडे गेली होती. परवा पहाटे माझा नवरा मोरीत स्वतःची लुंगी धुताना दिसला. "उष्णता झाली आसतली," तो मान वर न करता म्हणाला, "सुरण उकड." मी कपाटावरची बॅग खाली काढली. "सुरण मगे उकडतंय. आदी मुंबयक चला."