अठ्ठेचाळिसावा दिवस

नवं यंत्र आलं की सर मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्याशेजारी ठेवायचे, वेळ जुळवून बघायचे आणि म्हणायचे, “सेरी. मंडलम् होऊंद्या. मग बोलूं.”

सेरी म्हणजे बरं, आणि मंडलम् म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. तमिळनाडूत व्रत घ्यायचं तर मंडलभर, काढा प्यायचा तर मंडलभर. सर तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी आपल्या पणजोबांच्या पत्रातल्यासारखी आणि हेल तमिळ, मधूनच ‘बाबा’ म्हणावं तसा ‘पा’. उत्तर चेन्नईतल्या एका रसायन कारखान्यात ते नियंत्रण विभागाचे प्रमुख होते, आणि मी नाशिकहून आलेला त्यांच्या हाताखालचा इंजिनीअर. मराठी बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून त्यांनी मला जरा जास्तच जवळ केलं होतं.

दोन हजार तीनच्या सुमारास कारखान्याचं नियंत्रण जुन्या पॅनेलवरून संगणकावर न्यायचं ठरलं. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घ्यायची, हे सरांनी ठरवायचं होतं. ऑफिसातला संगणक अडकला तर आपण तो बंद करून पुन्हा सुरू करतो आणि तेवढ्यात चहा पिऊन येतो. तुम्हीही हे केलं असेल. इथे मात्र पडद्यापलीकडे उकळतं रसायन होतं आणि त्याच्याशेजारी माणसं काम करत होती.

सरांनी केबिनमध्ये संगणक मांडले, त्यांना तापमानाचे खोटे सिग्नल जोडून दिले आणि कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. एक सिस्टीम एकोणिसाव्या दिवशी अडकली. “झोंप लागली बिचारीस,” म्हणत सरांनी ती परत पाठवली. एकदा झाडणाऱ्या बाईंनी पंखा लावण्यासाठी संगणकाचाच प्लग काढला. सर रागावले नाहीत. कॅलेंडरवर पुन्हा ‘दिवस पहिला’ असं लिहिलं आणि पंख्यासाठी वेगळा प्लग बसवून घेतला.

शेवटी दोन उरल्या. एक खास कारखान्यांसाठी बनवलेली, महाग, फारशी कुणाला न येणारी. दुसरी घरोघरी असते तशी, स्वस्त आणि सगळ्यांच्या हातातली. मी दुसरीच्या बाजूचा होतो. सरांचा जीव पहिलीवर होता, पण ते म्हणायचे, “दोघी पास झाल्या तर माझ्या आवडीस काय विचारतां?”

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी दोन्ही व्यवस्थित चालू होत्या. दुसऱ्या दिवशी मी दिवाळीला नाशिकला निघणार होतो. टी. नगरातून आईसाठी साडीही घेऊन ठेवली होती. सही झाल्याशिवाय रजा मिळणार नव्हती.

“आणखी तीन-चार दिवस राहूंद्या पा,” सर म्हणाले. “चालतेंच आहे. घाई कशास?”

“सर, मंडलम् पूर्ण झालं,” मी म्हणालो. “नियम तुमचाच आहे.”

ते मनापासून हसले. दुसऱ्या सिस्टीमच्या कागदावर त्यांनी सही केली आणि मी दोन्ही संगणक बंद केले.

नवं नियंत्रण सुरू झालं आणि पन्नासाव्या दिवशी दुपारी पडद्यावरचं तापमान एका आकड्यावर थांबलं. आकडा स्थिर असला की ऑपरेटरला बरंच वाटतं. पण सेल्वम नावाच्या ऑपरेटरला तो जरा जास्तच स्थिर वाटला. तो उठून थेट टाकीपाशी गेला आणि ती तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व हाताने बंद करू लागला. व्हॉल्व बंद झाला म्हणून पुढचा अनर्थ टळला, पण पाइपच्या सांध्यातून वाफ फुटून त्याचा उजवा हात भाजला. दोन बोटं कायमची वाकडी राहिली.

कारण आठवड्याने सापडलं. ती सिस्टीम सुरू झाल्यापासूनचा वेळ मिलिसेकंदांत मोजत असे. पन्नास दिवस पुरे व्हायच्या थोडं आधी तो आकडा भरून पुन्हा शून्यावर येई, आणि आमचा प्रोग्राम तिथे अडकून बसे. सरांनी कागदावर स्वतः हिशेब केला.

“दोन दिवस,” ते म्हणाले. “दोनच दिवस पा.”

चौकशीत त्यांनी सांगितलं, “मुदत माझी, सहीही माझी.” मी शेजारीच बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी तोंड उघडलं नाही. नंतर त्यांनी महागडी सिस्टीम बसवून घेतली. त्याआधी तिची चाचणी शंभर दिवस चालली. निवृत्त होईपर्यंत ते दर रविवारी सेल्वमच्या घरी जात. मला कधी बरोबर चला म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या मैलापूरच्या घरी गेलो. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता, माणसं खाली चटईवर बसली होती. आल्यागेल्याचं सेल्वम बघत होता. तो मला ओळखून जवळ आला आणि तमिळमध्ये म्हणाला, “सर शेवटपर्यंत तेच बोलायचे. आणखी चार दिवस थांबायला हवं होतं, म्हणायचे. तुम्ही थांबा म्हणत होता, पण घाई त्यांनाच झाली होती.”

मी खाली मान घातली. खरं सांगायला एवढंच म्हणायचं होतं, की घाई मला होती. शब्द अगदी ओठांवर आले होते.

सेल्वमने पाण्याचा पेला भरून त्या वाकड्या बोटांनी माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि प्यालो.