दोन ठोके

माझ्या सासरच्या माणसांना एकाच गोष्टीचा ताठा होता. गावचं तळं त्यांच्या पूर्वजांनी बांधलेलं. कामठ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि अर्ध्या शिवारातला धान त्या तळ्याच्या पाण्यावर पिकायचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाहुणा आला की त्याला आधी तळ्याच्या पाळीवर नेऊन उभं करत आणि मग घरी आणून पाणी देत. आणि अशा घरात पावसाळ्यात जागोजागी गळतीखाली गंज, म्हणजे पातेली, ठेवावे लागायचे! तळ्याचं पाणी अडवणाऱ्यांना छपराचं काही अडवता येत नाही, असं गावातल्या बाया तोंडाला पदर लावून म्हणायच्या. ते मामाजींच्या कानावर गेलं की त्या दिवशी घरात कोणालाच सुखानं घास गिळता येत नसे.

म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नघरची धांदल. वर्षभर माकडं नाचून नाचून कवेलू सरकवायची, फोडायची. ते सगळे उतरवायचे, कचरा झाडायचा, फुटके काढून कुंभाराकडचे नवे घालायचे आणि पुन्हा ओळीनं बसवायचे. हे काम एकच म्हातारा करायचा. सगळं गाव त्याला बुढा म्हणायचं, मीही तेच लिहिते. साठी उलटलेली, पण छपरावरून मांजरासारखा चालायचा. पायाखाली एक कवेलू वाजत नसे. मामाजींच्या वडलांपासून आमच्या घरावर दुसऱ्या कोणाचा पाय पडला नव्हता.

हा माणूस आमच्या डोक्यावर चढायचा, पण उंबरठ्याच्या आत यायचा नाही. येऊ देत नव्हते, हे सरळच सांगते. पाणीसुद्धा वरूनच ओंजळीत ओतायचं. आता हे लिहिताना मान खाली जाते. तेव्हा जात नव्हती, तेच रीतीचं वाटायचं.

तो आत येणार नाही, मग कुठं फट राहिली हे त्याला कळावं कसं? त्यासाठी घरातल्या बाईनं वेळूची काठी घेऊन खोलीखोलीत उभं राहायचं. वरून तो विचारायचा, “उजेड दिसते का जी?” दिसला तर त्या जागी खालून काठीनं एक ठोका. तो कवेलू सरकवायचा, पुन्हा विचारायचा. उजेड बुजला की दोन ठोके. मग तो पुढं. आधी हे काम आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, करायच्या. त्यांची मान वर होईनाशी झाली तेव्हा काठी माझ्या हाती आली. मी नवी सून. परक्या पुरुषाशीच काय, मामाजींसमोरही तोंड उघडायची सोय नव्हती. बुढ्याशी माझं जे काही बोलणं झालं ते त्या काठीनंच. दोन उन्हाळे मी ते काम चोख केलं. सून ठोक्याची पक्की आहे, असं तो आत्याबाईंना म्हणाला होता. मला त्याचं कोण कौतुक वाटलं होतं!

आता तिसऱ्या उन्हाळ्याचं सांगते. ते सांगायलाच तर बसले आहे.

लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि माझी कूस रिकामी होती. दर महिन्याला मी गोठ्याजवळच्या सपरीत बाजूला बसले की आत्याबाईंचं तोंड चार दिवस वाकडं. दुसरी सून आणायची भाषा एकदोनदा माझ्या कानावर पडली होती. त्या महिन्यात मात्र आठ दिवस वर गेले. सकाळी माझ्या पुढ्यात दुधाची वाटी येऊ लागली. जड घागर उचलू नको म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्याला आपल्या हातानं तेल लावलं. मी आतून लोण्यासारखी विरघळले होते.

आणि नेमकं कवेलू फेरायच्या दिवशी सकाळी मला कळलं, की काही नाही. मी बाहेरची झाले होते.

सांगायला हवं होतं. अंगणात दहा माणसं, छपरावर बुढा, आणि मी उठून सपरीत जाऊन बसायचं, म्हणजे सगळ्या गावाला कळलं की यंदाही नाही. माझी जीभ उचलेना. म्हटलं, संध्याकाळी सांगू. तेवढा एक दिवस त्या दुधाच्या वाटीचा मिळाला तर मिळाला. मी स्वयंपाक केला, वाढलं, सगळ्यांना विटाळ केला आणि काठी घेऊन उभी राहिले.

माजघर झालं, सैपाकघर झालं. राहिली बियाण्याची खोली. तिथं बांबूच्या ढोलीत पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, राखलेला लुचई जातीचा धान होता. त्या खोलीत विटाळशी बाईची सावली पडली तर बी उगवत नाही, हे मी माहेरीही ऐकत आले होते आणि मनापासून मानत होते. चूल बाटवली तेव्हा जीव थोडा धडधडला, पण बियाण्यापाशी मात्र पाय रेटेना. वर्षभराचं अन्न ते! मी उंबरठ्याबाहेरच उभी राहिले. तिथून ढोलीमागचा कोपरा दिसत नव्हता.

वरून बुढ्यानं विचारलं, “उजेड दिसते का जी?”

मी काठी आत लांबवली आणि वाशावर दोन ठोके दिले.

त्याला काहीतरी वाटलं असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा दोन दिले. तो पुढं सरकला. बियाणं आपण वाचवलं, असंच मला त्या वेळी वाटत होतं. संध्याकाळी माणसं गेल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं, की आत्ताच झालं. दुसऱ्या दिवसापासून दुधाची वाटी बंद झाली.

पुढच्या पंधरवड्यात पऱ्हे टाकायच्या आधीच चार दिवस झड लागली. घरात एक थेंब नाही. मामाजी मिशीवर हात फिरवत खोलीखोलीतून फिरले, गंज सगळे पालथे आहेत हे शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. झड थांबल्यावर आत्याबाईंनी ढोलीत हात घातला तर तो आत भाजला. बी गरम झालं होतं, आंबूस वास सुटला होता आणि अर्ध्याला मोड फुटलेले. ढोलीमागच्या कोपऱ्यात वर बोटभर उजेड दिसत होता. पाणी भिंतीवरून गुपचूप उतरून ढोलीच्या बुडात गेलं होतं.

तळं बांधणाऱ्यांच्या घरचं बियाणं पाण्यानं गेलं. मामाजींना ते आपल्या व्याह्याकडे मागायला जावं लागणार होतं. त्यांनी बुढ्याला बोलावून अंगणात उभं केलं. कुंपणापाशी लोक जमले. मी दाराआड होते, आत्याबाई दारात.

मामाजी ओरडले, “काऊन गा, झोपला होता का वर?”

“मी दोनदा इचारलो जी,” बुढा म्हणाला. “दोन्ही खेपेस दोन ठोके आयकलो.”

मामाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं आणि आत्याबाईंनी मागं वळून माझ्याकडे. किती ठोकले होते म्हणून त्यांनी हळूच विचारलं. त्या क्षणी मी काय करू शकत होते ते मी नंतर हजारदा मनात करून पाहिलं आहे. दोन म्हटलं असतं, तर उजेड असताना दोन का, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मग खोलीत का गेली नाही. मग सकाळपासून चूल कोणी शिवली. मी तोंड उघडलंच नाही. एक बोट वर केलं.

“एकच मणते थे,” आत्याबाईंनी अंगणात सांगितलं.

बुढ्यानं वाद घातला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला एवढं लागलं नसतं. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं हळूच एक हात कानाला लावला, चोळला, दुसरा चोळला. कोणीतरी म्हणालं, बुढ्याचे कान गेले. त्यानं मान हलवली. कान गेले असतील जी, म्हणाला, आणि मामाजींच्या पायापाशी डोकं टेकवून गेला.

त्यानं माझा शब्द खरा मानला! स्वतःच्या कानापेक्षा माझं बोट त्याला खरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो कोणाच्याच घरावर चढला नाही. गावानं नको म्हटलं नव्हतं, त्यानंच सोडलं. बहिऱ्यानं वर चढू नये, खालच्याच्या डोक्यात कवेलू पडंल, असं तो सांगायचा. त्याची शेतीबिती काही नव्हती. तळ्याच्या पाळीवर लोकांच्या शेळ्या राखत बसायचा. एकदा मी पाणी घेऊन येत होते, तो वाटेत पाठमोरा पाय पसरून बसला होता. माझी जोडवी दगडावर वाजली, तेवढ्यानं त्यानं मागं न बघता पाय जवळ घेतले. मी घागरीसह तिथंच थिजले. त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. त्यानं लोकांना सांगितलेलंही मी ऐकलं होतं, की कधी आयकू येते, कधी नाई, भरवसा नाई. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. तो दिसला की मी वाट बदलायची.

पुढं मला दोन मुली झाल्या. आत्याबाई गेल्या, मामाजी खाटेला खिळले, घराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. ज्यांना भीत होते ते कोणी उरले नव्हते. तरी चार वर्षं गेली. इंग्रज जायच्या आदल्या वर्षी, नवा धान घरात आला तेव्हा, मी मनाचा हिय्या केला. पदरात नवे तांदूळ बांधले आणि भरदुपारी बुढ्याच्या दारात गेले. तो ओट्यावर बसला होता. समोरच्या सावलीत सात-आठ बाया विड्या वळत बसल्या होत्या.

मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, की बाबा, त्या दिवशी ठोके दोनच होते. मी खोटी बोलले.

त्यानं कानाला हात लावला. “जोरात बोला बाई. आता खरंच आयकू येत नाई.”

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. त्यानं मान हलवली. विड्यांवरचे हात थांबले. सगळ्याजणी माझ्याकडे बघू लागल्या. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्याशिवाय ते त्याच्यापर्यंत पोचणार नव्हतं. मी श्वास घेतला. आणि ओरडले, “जेवण झालं का, बाबा?”

ते त्याला ऐकू गेलं. त्याचं बोळकं उघडलं. “झालं जी, झालं. तुमचा आवाज पयल्यांदा आयकलो बाई. इतके दिवस ठोकेच ओळखत होतो. साफ राहत तुमचे ठोके. माह्याच कानानं दगा देला.”

विड्या वळणाऱ्यांपैकी एक म्हणाली, किती जीव लावते ही बाई बुढ्याले, नाईतर आजकाल कोण कोणाचं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तांदूळ त्याच्या ओट्यावर सोडले, पदर झटकला आणि घरी आले.