फाळाची माती

त्या ट्रॅक्टरवाल्याचं नाव मी विचारलं नाही. उन्हाळी नांगरटीला तो एकदाच हसनाबादला आमच्या शिवारात आला होता. माझ्या वावरात दरसाल भुईमूगच असायचा, आणि मूळकुजीने झाडं जागच्या जागी वाळली होती. गावात बियाण्याला माझ्याच शेंगा चालत, म्हणून मी हे लपवलं होतं.

त्याने एक वाळलेलं झाड उपटलं, काळं मूळ बोटांत चुरडलं, आणि ट्रॅक्टरवर चढला. नांगरट झाल्यावर मात्र दोन वावरांमधल्या धुऱ्यावर थांबून तो खुरप्याने फाळांची माती खरवडू लागला, टायरच्या खाचांतलीसुद्धा. पुढचा नंबर शेजाऱ्याचा होता.

शेजारी ओरडला, "नांगराला आंघोळ घालून राह्यला का रे? जल्दी कर!"

"मामा, ह्यांची माती ह्यांच्याच वावरात राहू द्या. तुम्हाला आहेर नको." माझ्याकडे न बघता तो खरवडत राहिला.

गावाने त्याला कामचुकार ठरवलं, पुन्हा बोलावलं नाही. मी ऐकून घेतलं.

औंदा मी ज्वारी पेरली. शेजाऱ्याचा भुईमूग हिरवागार आहे. काल त्याच्या वावरात शिरण्याआधी मी धुऱ्यावर बसून चपलांची माती खरवडली. आता कंबर वाकत नाही, वेळ लागला.

शेजारी हसला, "तुला बी त्या येड्याची बाधा झाली का?"

"येडा न्हाई तो," मी म्हणालो. "रोग माझ्या वावरात होता. त्यानं तुझं वावर वाचवलं."

शेजारी वाकला. त्याने एक हिरवं झाड उपटलं आणि मूळ निरखू लागला.