तीन शनिवार

आमच्या संगणकवेड्यांच्या गटात नवा माणूस आला की त्याच्याशी पहिलं बोलणार त्या टायपिस्टकाकू. तीस वर्षं कोर्टात टायपिंग करून निवृत्त झालेल्या. दर शनिवारी दुपारी आम्ही वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो, जुनी मशीन उघडतो, वाद घालतो. काकू दाराशी बसतात. "या, या. मशीन नसलं तरी चालेल, बसा."

पूर्वी त्या अशा नव्हत्या. डोकं खाली घालून काम करायच्या. कोण आलं, कोण गेलं, त्यांच्या गावीही नसायचं.

मग एका शनिवारी एक बाई शेजाऱ्याच्या मदतीने एक संगणक घेऊन जिना चढून आल्या. "माझ्या भावाचा. घड्याळं दुरुस्त करायचा तो. गेल्या महिन्यात गेला. तुमच्याबद्दल फार बोलायचा, म्हणून म्हटलं तुम्हालाच द्यावा."

असा कुणी घड्याळजी आमच्या ओळखीचा नव्हता. तरी आम्ही माना हलवल्या.

आतलं सगळं पुसायचं काम काकूंकडे आलं. पुसण्याआधी त्यांनी एक फाईल उघडली. "आज गटात गेलो. सगळे कामात होते. दारातूनच पाहिलं." पुढच्या शनिवारी: "एक बाई काय झरझर टाइप करतात! हाक मारायचा धीर झाला नाही." तिसऱ्या शनिवारी: "बाईंनी वर पाहिलं. आता पुढच्या वेळी विचारीनच." त्यापुढे काही नव्हतं.

काकूंनी मला बोलावून ते दाखवलं.

"पाहिलं होतं रे मी त्याला," त्या मला म्हणाल्या. "कापडी पिशवी छातीशी धरून उभा होता. वाटलं, बोलेल कुणीतरी. पण एकदाच आठवतोय. आधीचे दोन शनिवार कसा दिसला नाही मला?"

तेव्हापासून जिन्यात कुणीतरी थबकल्याचं त्यांना ऐकू येतं. धावत जाऊन दार उघडतात, तर जिना रिकामा. आम्ही थट्टा करायचो. एकदा मलाही ऐकू आलं, त्यानंतर मी कधी हसलो नाही.

मध्यंतरी एक नर्स पहिल्यांदाच आली, तर काकूंनी तिला असं काही घेरलं की ती बावरली. "काकू, मला जरा बघू तर द्या!" काकू मागे सरल्या, पण तासभर त्यांची नजर तिच्यावरून हलेना.

शेवटी राहवेना, म्हणून त्या घड्याळजीच्या बहिणीकडे गेल्या. मीही सोबत होतो. काकूंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "ताई, आम्ही त्यांच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो."

बहीण म्हणाली, "असं कसं होईल? दर शनिवारी घरी येऊन सांगायचा की. टाइप करणाऱ्या बाईंनी आज हे शिकवलं, ते शिकवलं. माझी चूक झाली की हसतात, म्हणायचा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बहीण सांगत राहिली, अगदी बारीकसारीक. काकू ऐकत होत्या. प्रत्येक गोष्टीला हो म्हणून मान हलवत राहिल्या.