बाबांची फिश

गोंदियातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरी करते, तिथंच खोली घेऊन राहते. दंडाला पट्टा बांधायचा, "मुठ्ठी बंद करो भैया" म्हणायचं आणि रक्त काढायचं, हे माझं काम. मिशीवाले धिप्पाड बाप्ये सुई पाहून डोळे मिटतात तेव्हा माझं टाळकं सरकतं. आई म्हणते, माझ्या नाकावर राग जन्मापासूनच आहे.

बाबा तिकडे गावी, नवेगाव बांधच्या तलावात मासोळी धरतात. गेल्या हिवाळ्यात जाळं ओढताना ते थकायला लागले. डाव्या बरगडीखाली पोट टणक लागत होतं. मीच त्यांचं रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या की मशीन बिघडलं म्हणून मी मशीनला शिव्या दिल्या. मशीन ठणठणीत होतं.

डॉक्टरांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर वाटतोय. पण एका प्रकारात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. ती अदलाबदल दिसली तर रोजची गोळी आहे, माणूस वर्षानुवर्षं चांगला राहतो. नाही दिसली तर आजार वेगळा, मग कठीण आहे. फिश टेस्ट करून घेऊ." म्हणजे बापाच्या रक्तात नेमका तोच बिघाड निघावा म्हणून मी देवाला हात जोडायचे! नागऱ्याच्या महादेवापुढे मी ते जोडलेसुद्धा. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

घरी फोन केला तो घाईत. "डॉक्टर म्हणतात फिश करा लागते. उद्या सकाळीच या," एवढंच बोलले आणि ठेवला. आमच्या घरी मासोळीला मासोळीच म्हणतात, पण मासेमारांच्या सोसायटीत येणारे साहेब लोक फिश म्हणतात, त्यामुळे शब्द ओळखीचा. दुसऱ्या दिवशी काउंटरवरची बाई धावत आत आली. "मॅडम, आपके पापा मछली लेके आए हैं!"

बाहेर बाबा उभे. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला भलामोठा रोहू, शेपटी बाहेर. बाकावरचे पेशंट नाकाला रुमाल लावून सरकून बसलेले.

"हे घे फिश," बाबा म्हणाले. "ताजी आहे. डॉक्टरले विचार, आतड्यायसकट तपासा लागते का साफ करून देऊ?"

मी भडकले. "बाबा, कायले आणली ही? फिश तुमच्या रक्ताची करायची आहे!"

"मंग तसं सांगाचं ना व! रक्ताची फिश करतेत हे आमाले का मालूम?"

अख्खी लॅब हसली. शेवटी मीही हसले. रोहू काउंटरवरची बाई घरी घेऊन गेली.

रक्त घेता घेता मी त्यांना समजावलं. नागपूरच्या मोठ्या लॅबमध्ये डीएनएचे बारीक तुकडे असतात, त्यांना चमकणारा रंग लावलेला, एकाला लाल, एकाला हिरवा. लाल तुकडा एका ठरावीक जागी जाऊन चिकटतो, हिरवा दुसऱ्या. त्या जागा दूर असल्या तर ठिपके वेगळे दिसतात. अदलाबदल होऊन जवळ आल्या असल्या तर लाल-हिरवं एकावर एक येऊन पिवळं दिसतं.

"म्हंजे चाराच लावला म्हना," बाबा म्हणाले. "रोहूले पिठाची गोळी, मरळीले बेंडकी. ज्याचा चारा त्यालेच लागते."

"तसंच."

"मंग पोटात गळ टाकतीन का?"

"नाही हो बाबा! रक्त नळीत जाते, तुम्ही घरी जाता."

ते खुशीत घरी गेले. मी मात्र रिपोर्ट येईपर्यंत माणसासारखी वागले नाही. चहात साखर जास्त झाली म्हणून भांडले, नीट चाललेल्या पंख्यावर चिडले. आईला फोनवर विचारलं तर म्हणायची, "तुझे बाबा मजेत आहेत, हसून राहिले."

रिपोर्ट आला तो भर दुपारी, पेशंटच्या गर्दीत. सोबत फोटो होता. निळ्या पेशी, त्यांत लाल, हिरवे ठिपके, आणि जवळपास प्रत्येक पेशीत पिवळा. मी हातातलं काम तसंच टाकून घरी फोन लावला आणि ओरडले, "आई, पॉझिटिव्ह आलं!"

आईनं हंबरडाच फोडला. कोरोनापासून तिच्या लेखी पॉझिटिव्ह म्हणजे माणूस गेला. मी "अवं, चांगलं आहे, चांगलं आहे" म्हणून बोंबलत होते, पण तिला ऐकूच येईना. रडता रडता तिच्या तोंडून खरं बाहेर पडलं. रक्त देऊन आल्या दिवसापासून बाबांनी तलावात पाय घातला नव्हता. जाळं खुंटीवर होतं आणि ते दिवसभर त्याच्याखाली बसून असायचे. लेकीला सांगू नको, अशी शपथ घातली होती तिला.

एवढ्यात बाबांनी फोन हातात घेतला. आवाज अगदी बारीक होता.

"सापडली का व?"

"सापडली, बाबा. पिवळी. गोळी आहे तिच्यावर."

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी हुंदके देत होते.

बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"मंग रडून काऊन राहिलीस? मासोळी सापडल्यावर कोनी रडते का?" आणि तिकडे आईला म्हणाले, "ते जाळं काढ व खाली."