बारा टाके कमी

हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत मी शिवण-विणकाम शिकवते. एखादीचा टाका चुकला की तिच्याकडून सगळं उसवून घेते. मुली मला घाबरतात, याचा मला अभिमान आहे. मी स्वतः परवापर्यंत एकही शाल पुरी केलेली नव्हती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ही शाल सासूबाईंसाठी. त्रेपन्नच्या दिवाळीनंतर नागपूरहून तपकिरी लोकर आणली, त्यांना उभं करून मानेपासून कमरेखालपर्यंत माप घेतलं आणि एकशेवीस टाके घातले. पहिल्या हिवाळ्यात कड ओढल्यासारखी दिसली म्हणून उसवली. दुसऱ्या हिवाळ्यात नक्षी मधोमध येईना म्हणून उसवली. माझ्याइतकी काटेकोर बाई तालुक्यात नाही, असं मनाशी म्हणत होते. सासूबाई दोन्ही हिवाळे गोधडीचा तुकडा खांद्यावर घेऊन खोकत बसल्या.

पंचावन्नच्या थंडीत खोकला छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, "अंगावर लोकरीचं काहीतरी असू द्या." मी ऐटीत सांगितलं, "शाल होतेच आहे." घरात कुणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

उसवून उसवून लोकर कुरळी झाली होती. लडी करून कोमट पाण्यात धुतल्या, खाली तांब्या बांधून दोरीवर टांगल्या, तेव्हा कुठे सरळ झाल्या. मग वहीतलं माप एकदा ताडून पाहावं म्हणून सासूबाईंना पुन्हा टेप लावली. माप चार बोटं कमी भरलं. मला वाटलं, टेपच खराब आहे. शाळेतली दुसरी आणली. तेवढंच भरलं.

सासूबाई वाकल्या होत्या. दोन वर्षं रोज त्यांच्यासमोर जेवत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. फार लाज वाटली. बारा टाके कमी घातले आणि मुकाट्यानं विणायला बसले.

वीतभर शाल राहिली असताना दिसलं, अगदी सुरुवातीला एक टाका उलटा पडलाय. हात आपोआप सुईकडे गेला.

"काऊन उसवून राह्यली?" सासूबाईंनी विचारलं.

"टाका चुकला, आई."

"थंडी मले वाजते, त्या टाक्याले नाई." त्यांनी सुयांसकट शाल खांद्यावर ओढून घेतली. "अशीच पुरी कर."

केली. संक्रांतीला ती पांघरून त्या तिळगूळ द्यायला शेजारच्या रामबाईंकडे निघाल्या. मीही मागोमाग गेले. बसल्या बसल्या त्यांनी शालीची कड उलटून दाखवली. "पाय, हा टाका माह्या सुनेनं चुकवला. पोरींले शिकवते थे!"

रामबाईंनी चष्मा लावून टाका न्याहाळला. त्यांची नात माझ्याच वर्गात आहे, तीही वाकून बघत होती. सासूबाई हसता हसता खोकल्या, खोकून झाल्यावर पुन्हा हसल्या.

सोमवारी वर्गात माझं काय होणार, ते मला दिसत होतं. तरी मनात एवढंच आलं की, अजून दहा हिवाळे त्यांनी माझी चूक अशीच गावभर दाखवत फिरावं.