तळ्याची उलटी फेरी

हेमंतातल्या सकाळी तळ्याच्या पाण्यावरून वाफ उठते, ओल्या गवताचा आणि शेवाळाचा गंध तिच्यात मिसळतो, आणि वाशीममधल्या आमच्या या बागेतली पायी फिरायची वाट व तिला लागूनच आखलेली सायकलींची वाट, दोन्ही धुक्यात विरघळत काठाकाठाने वळत जातात. गेल्या वर्षी याच वाटेवर मी माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, पुन्हा चालायला आणत असे. अर्धांगवायूने तिची डावी बाजू लुळी पडली होती. तुरीच्या सोंगणीआधी शेलूबाजारजवळच्या आपल्या गावी परतायचं आणि घराच्या पायऱ्या कुणाच्याही खांद्यावाचून चढायच्या, एवढाच तिचा ध्यास होता.

पहिल्याच दिवशी ती वाटेवर रंगवलेल्या बाणांच्या उलट निघाली. तळ्याच्या मध्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे, आणि देवी उजवीकडे ठेवूनच फिरायचं हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. समोरून येणारे लोक अंग चोरून बाजूला होत. एका निवृत्त गुरुजींनी तर सायकल थांबवली.

"बाई, बाण तिकडं हाय ना!"

"बाण काढनाऱ्यानं देवी पाह्यली नसन, गुरुजी. देवीले डावी घालून कोनी फिरते काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं मी मनात पुटपुटले. पुढे एकदा कोवळं ऊन तिच्या बोटांवर पडलं तेव्हा लक्षात आलं, की काठाचा लोखंडी कठडाही उजवीकडेच आहे, तिच्या धड हाताशी. त्याच्याच आधाराने तर तिची फेरी पुरी होत होती. देवीनेच ही सोय केली, असं वाटून मी निश्चिंत झाले.

पौषात तुरीच्या शेंगा वाळू लागल्याचा निरोप गावाहून आला. दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकाशी ताई थांबली, उजव्या हाताने डावा उचलून तिने देवळाकडे पाहत नमस्कार केला, आणि बाणाच्या दिशेला वळली.

"काहून वं ताई? आज देवी डावीकडं?"

"घरच्या पायऱ्याईले भिंत डाव्या हाताले हाय," ती म्हणाली. "म्या सांगतलं देवीले, थोडे दिवस माफ कर."

लुळा हात तिने आता डावीकडे आलेल्या कठड्यावर ठेवला. तो घसरला. तिने पुन्हा ठेवला. मी धावून आधार देऊ लागले, तर म्हणाली, "सरक."

मी मागे सरले. इतके दिवस तळ्याभोवती फिरताना ती मनाने त्या पायऱ्यांशीच उभी होती, हे मला त्या दिवशी कळलं. हात तिसऱ्यांदा घसरला. ती थांबली, तिने श्वास घेतला, आणि हात पुन्हा उचलला.